ट्रेडमध्ये आलेले तरुण पिचर, त्यांची खरी किंमत किती? व्हाइट सॉक्सच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉल नव्याने बघायला लागलेल्या आपल्या मंडळींकडून, विशेषतः शिकागोला मुलांकडे राहून एखाद-दोन मॅच बघून आलेल्यांकडून, हेच प्रश्न फिरून फिरून येतात आणि जुने फॅन त्यावरून आजही हमरीतुमरीवर येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. उदाहरण मुद्दाम एकाच टीमचं घेतलंय, शिकागो व्हाइट सॉक्सचं, कारण तयार खेळाडू द्यायचा आणि कोवळे पिचर (क्रिकेटच्या भाषेत बॉलर) घ्यायचे हा प्रकार या टीमने इतक्यांदा केलाय की त्याचे सगळे रंग इथेच बघायला मिळतात. मी याच टीमचा फॅन आहे, जीव अडकलाय माझा, ते लक्षात ठेवून वाचा.

एवढा वाद नक्की कुठल्या ट्रेडवरून?

तारीख ७ डिसेंबर २०१६. दर डिसेंबरात सगळ्या टीमचे मॅनेजर लोक एका हॉटेलात जमतात, विंटर मीटिंग्ज म्हणतात त्याला, त्या वर्षी त्या वॉशिंग्टनजवळ नॅशनल हार्बरला होत्या. ६ तारखेला व्हाइट सॉक्सनी त्यांचा हुकमी पिचर क्रिस सेल बॉस्टन रेड सॉक्सला देऊन टाकला, बदल्यात योआन मोंकाडा, मायकेल कोपेक आणि अजून दोन पोरं घेतली. लोक त्या धक्क्यातून सावरतायत तोवर दुसऱ्याच दिवशी आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागात फील्डिंग करणारा) ॲडम ईटन वॉशिंग्टन नॅशनल्सला गेला आणि तिकडून आले तीन पिचर, तिघंही उजव्या हाताचे: लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग. एका चांगल्या पण स्टार नसलेल्या आउटफिल्डरच्या बदल्यात तीन पिचर, त्यातला एक तर देशातला सगळ्यात गाजलेला तरुण पिचर. त्या रात्रीपासून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

प्रॉस्पेक्ट म्हणजे कोण?

जो अजून मेजर लीगमध्ये स्थिरावलेला नाही पण पुढे चमकेल असं वाटतं तो. ड्राफ्टमधून (टीमनी पाळीपाळीने नवी पोरं निवडायची दरवर्षीची निवड) किंवा डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलासारख्या देशांतून पोरगा घेतला की तो आधी मायनर लीगमध्ये जातो, तिथे रूकी, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए अशा पायऱ्या असतात. बहुतेक जण मधल्याच कुठल्यातरी पायरीवर थांबतात, वर पोचतात ते थोडेच, आणि वर जाऊन टिकतात ते त्याहून थोडे.

हे आयपीएलच्या ट्रेडसारखंच ना?

नाव तेच, खेळ वेगळा. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तो पैशावर, आणि तो आल्या आल्या काय करणार हे सगळ्यांना माहीत होतं. बेसबॉलमध्ये मोठ्या खेळाडूच्या बदल्यात रोख पैसे घेऊन मोकळं होणं क्वचितच, तिथे माणसाच्या बदल्यात माणसं, आणि ती माणसं बऱ्याचदा एकोणीस-वीस-बावीस वर्षांची, ज्यांचं नाव त्या शहरात कुणी ऐकलेलंही नसतं. त्यामुळे आपण काय दिलं ते त्याच दिवशी कळतं आणि काय घेतलं ते कळायला चार-पाच वर्षं जातात, सगळी भांडणं या मधल्या काळातली आहेत.

ईटन चांगला खेळत होता, मग त्याला दिलाच का?

कारण टीम चांगली नव्हती. २०१६ मध्ये व्हाइट सॉक्स ७८ मॅच जिंकले आणि ८४ हरले, २००८ नंतर प्लेऑफ बघितलेलं नव्हतं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘आता जिंकायचंच’ म्हणून जेम्स शील्ड्स नावाचा उतरणीला लागलेला पिचर सॅन दिएगोकडून आणला, बदल्यात जी दोन नावं दिली त्यात एक सतरा वर्षांचा मुलगा होता, फर्नांडो टाटीस ज्युनियर. तो पुढे केवढा मोठा स्टार झाला हे बेसबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. शील्ड्सच्या ट्रेडची जखम सॉक्स फॅन आजही विसरलेले नाहीत. तर असं अर्धवट जिंकायचा प्रयत्न करत राहण्यापेक्षा सगळं मोडून नव्याने बांधू असं तेव्हाचे जनरल मॅनेजर रिक हान यांनी ठरवलं, आणि मोडायचं ठरलं की ज्याला बाजारात सगळ्यात जास्त भाव आहे तो आधी द्यावा लागतो. तो निर्णय बरोबरच होता असं माझं ठाम मत आहे.

नॅशनल्सनी फार जास्त मोजलं असं तेव्हा सगळे का म्हणत होते?

कारण लोक नावं बघत होते आणि नॅशनल्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर माइक रिझो करार बघत होते. ईटनचा करार असा होता की शेवटची दोन वर्षं टीमच्या मर्जीवर धरून तो पुढची पाच वर्षं, म्हणजे २०२१ पर्यंत, सगळे मिळून ४ कोटी डॉलरच्या आत पडणार होता. खुल्या बाजारात तशा आउटफिल्डरला याच्या दुपटीहून जास्त मोजावे लागले असते. त्यात २०१६ चा त्याचा सीझन जबरदस्त होता, वॉर ६ च्या आसपास.

वॉर म्हणजे काय ते इथेच सांगतो, पुढे लागेल. एखाद्या खेळाडूच्या जागी ट्रिपल ए मधून उचलून आणलेला कुणीही साधारण खेळाडू उभा केला असता तर टीम किती मॅच कमी जिंकली असती, तो आकडा. २ म्हणजे ठीकठाक रोजचा खेळाडू, ४-५ म्हणजे ऑल-स्टार लेव्हल, ६ म्हणजे त्याच्याही वर.

पण दुसऱ्या पारड्यात एमएलबी पाइपलाइनच्या (मेजर लीगच्या साइटवरचं प्रॉस्पेक्टचं रँकिंग) यादीत देशात तिसरा असलेला जिओलिटो, अडतिसावा लोपेझ, आणि सहा महिन्यांपूर्वी पहिल्या फेरीत निवडलेला डनिंग. कागदावर पारडं शिकागोकडे झुकलेलं दिसणारच होतं.

डनिंगचा ड्राफ्ट जून २०१६ चा, मग डिसेंबरात ट्रेड कसा झाला? असं चालतं?

चालतं, २०१५ पासून. आधी नियम होता की ड्राफ्ट झालेल्या पोराला वर्षभर ट्रेड करता येत नाही. मग २०१४ च्या डिसेंबरात सॅन दिएगोने ट्रे टर्नरला ट्रेडमध्ये दिलं पण वर्ष भरलेलं नसल्यामुळे त्याचं नाव जाहीर न करता ‘नंतर सांगू तो खेळाडू’ असं लिहिलं, आणि तो बिचारा पुढचे कित्येक महिने जी टीम त्याला देऊन बसली होती तिच्याच मायनर लीगमध्ये खेळत राहिला, सगळ्यांना ठाऊक असताना. पोरासाठी फार वाईट परिस्थिती. त्यानंतर नियम बदलला, आता वर्ल्ड सिरीज (सीझनची फायनल) संपली की त्या वर्षीचे ड्राफ्टवाले ट्रेड करता येतात. तो टर्नर गेला होता नॅशनल्सकडेच, आणि बदललेला नियम वापरून डनिंगला दिला तोही नॅशनल्सनीच.

रँकिंगवर किती विश्वास ठेवायचा?

रँकिंग हे त्या दिवसापर्यंत दिसलेल्या गोष्टींचं असतं. स्काउट लोक २० ते ८० अशा पट्टीवर मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी, बॉलच्या प्रत्येक प्रकाराला वेगळे, फास्टबॉल वेगळा, कर्व्ह वेगळा, चेंजअप वेगळा, आणि नेम वेगळा. जिओलिटोच्या फास्टबॉलला आणि कर्व्हला अगदी वरचे मार्क मिळत होते. हायस्कूलमध्ये असताना तो १०० मैलाच्या आसपास टाकायचा, सहा फूट सहा इंच उंच, आणि कोपर दुखावलं म्हणूनच २०१२ च्या ड्राफ्टमध्ये १६ व्या नंबरपर्यंत घसरला, नाहीतर पहिल्या दोन-तीनात गेला असता.

पण २०१६ मध्ये नॅशनल्सकडून तो मेजरमध्ये सहा मॅच खेळला तेव्हा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन, जितका कमी तितका चांगला) होता ६.७५, वेग कमी झाला होता, आणि ॲक्शन बदलायचा प्रयत्न चालला होता जो जमत नव्हता. म्हणजे यादीत तिसरा होता खरा पण ज्या टीमने त्याला रोज बघितलं होतं तीच टीम त्याला द्यायला तयार झाली, आणि ही गोष्ट मला कुठल्याही रँकिंगपेक्षा जास्त बोलकी वाटते. नवा पिचर ट्रेडमध्ये आला की मी आधी हेच विचारतो: ज्यांच्याकडे होता त्यांनी का सोडला? कधी उत्तर साधं असतं, त्यांना आत्ता जिंकायचंय. कधी ते दुसरंच असतं.

‘पिचिंग प्रॉस्पेक्ट असं काही नसतंच’ असं जुने लोक का म्हणतात?

हात. दुसरं काही नाही. वरून खाली इतक्या जोरात बॉल फेकणं हे कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या लिगामेंटला सहन होण्याच्या अगदी काठावरचं काम आहे. ते फाटलं की टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवायचा. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ती पहिल्यांदा केली, तो १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज ही सर्जरी इतकी नेहमीची झालीये की लोकांना वाटतं काही विशेष नाही, पण वर्ष ते दीड वर्ष पोरगा बाहेर असतो आणि ते वर्ष बाविसाव्या वयातलं असतं.

याच गोष्टीतली नावं घ्या. जिओलिटो, ड्राफ्टनंतर तीन महिन्यांच्या आत सर्जरी. डनिंग, २०१९ मध्ये. सेलच्या ट्रेडमध्ये आलेला कोपेक, ज्याच्या १०० च्या वरच्या बॉलची एवढी चर्चा होती, तो ऑगस्ट २०१८ मध्ये मेजरमध्ये आला, स्टेडियम नुसतं पेटलं होतं त्या दिवशी, आणि सप्टेंबरात बातमी आली की लिगामेंट गेलं. दुसऱ्या ट्रेडमध्ये आलेला डिलन सीस, त्याचीही ड्राफ्टनंतर लगेच झालेली. आणि जो क्रिस सेल आपण दिला त्याचीही २०२० मध्ये झालीच.

म्हणून तीन पिचर घेतले तर तिघं खेळतील असा हिशोब कुणी करत नाही. तिघं घ्यायचे ते एक मिळावा म्हणून.

२०१८ मध्ये जिओलिटो फेल गेला होता ना? मग अचानक काय झालं?

फेल म्हणजे पूर्ण फेल. पूर्ण सीझन टाकलेल्या पिचर्समध्ये त्याचा ईआरए सगळ्यात वाईट होता, ६.१३. अमेरिकन लीगमध्ये (मेजरच्या दोन भागांपैकी एक) सगळ्यात जास्त वॉक (चार बॉल बाहेर टाकले की बॅटरला फुकट पहिला बेस), ९०. तेव्हा ‘ट्रेड बुडाला’ म्हणणारे बहुसंख्य होते आणि त्यांच्याकडे आकडे होते, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण हिवाळ्यात त्याने जे केलं ते नीट बघण्यासारखं आहे. तो कॅलिफोर्नियात आपल्या हायस्कूलच्या पिचिंग कोचकडे गेला, ईथन कॅट्झ. ती शाळा हार्वर्ड-वेस्टलेक, जिथे एकाच वेळी जिओलिटो, मॅक्स फ्रीड आणि जॅक फ्लॅहर्टी असे तीन भावी मेजर लीग पिचर होते. दोघांनी मिळून त्याच्या हाताचा मार्ग छोटा केला. आधी तो बॉल हातमोज्यातून काढला की हात खाली मांडीच्या मागे सोडायचा, मग मोठा फेरा घेऊन वर आणायचा, आणि एवढ्या लांब हातापायाच्या माणसाचा एवढा मोठा फेरा दर वेळी सारखा येणं शक्यच नव्हतं, एक बॉल डोक्यावरून तर दुसरा मातीत. नवीन ॲक्शनमध्ये कोपर वाकवलेलंच ठेवून बॉल थेट कानाच्या मागे येतो. फेरा गेला, चुकायला जागा कमी झाली. कमरेला ताणाचे पट्टे लावून सराव केला म्हणजे अंगाचा जोर पायातून आणि कमरेतून यावा. सिंकर (खाली बुडणारा बॉल) बंद केला. उरलं काय तर स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरचा वैध चौकोन) वरच्या कडेला फास्टबॉल आणि त्याच हाताने, त्याच ॲक्शनमध्ये, पण कितीतरी हळू येणारा चेंजअप. २०१८ मध्ये ९२-९३ वर असणारा फास्टबॉल ९४ च्या पुढे गेला.

२०१९ चा निकाल: ईआरए ३.४१, २२८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ऑल-स्टार. पुढची दोन वर्षंही साय यंगच्या (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मतदानात नाव. आणि कॅट्झला व्हाइट सॉक्सनी २०२१ पासून आपला पिचिंग कोच केलं.

यात रँकिंगचा काहीही हात नाही हे लक्षात घ्या. त्याच मुलाची किंमत तीन वर्षांत आकाशातून जमिनीवर आणि परत वर गेली, आणि यादी दर वेळी मागून येत राहिली.

जिओलिटोचा तो नो-हिटर (पूर्ण मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट नाही) कधीचा?

२५ ऑगस्ट २०२०, शिकागोत, पिट्सबर्ग पायरेट्सविरुद्ध, ४-०. आपल्याकडे २६ तारखेची सकाळ होती. कोविडचं वर्ष, सीझन ६० मॅचचा, स्टेडियम रिकामं, त्यामुळे कॅचर जेम्स मकॅनच्या ग्लव्हमध्ये बॉल बसल्याचा आवाज टीव्हीवर स्वच्छ यायचा. १०१ बॉल, १३ स्ट्राइकआउट. चौथ्या इनिंगच्या सुरुवातीला एरिक गोन्झालेझला वॉक दिला तेवढाच एक माणूस बेसवर गेला, आणि शेवटचा आउटही तोच गोन्झालेझ, त्याने जोरात मारलेला बॉल उजवीकडे ॲडम एंगेलने धावत जाऊन पकडला. बॅटवर बॉल बसला तेव्हा गेला असंच वाटलं होतं, काळजात धस्स झालं होतं माझ्या.

लोपेझचं काय? त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

बोलायला पाहिजे. लोपेझ डॉमिनिकन, ९५ च्या वरचा फास्टबॉल, २०१८ मध्ये तिघांत तोच सगळ्यात भरवशाचा होता, ईआरए ३.९१. २०१९ ला ५.३८. मग २०२१ मध्ये त्याला बुलपेनमध्ये पाठवलं, म्हणजे पाच-सहा इनिंग टाकायच्या ऐवजी एखाद-दुसरी इनिंग, आणि तिथे तो २०२२ ला २.७६ वर आला. लोकांनी शिक्का मारला, झाला हा रिलीव्हर. पुढे अटलांटा ब्रेव्ह्जनी त्याला ३ वर्षांचे ३ कोटी डॉलर देऊन परत स्टार्टर केला आणि २०२४ मध्ये ईआरए १.९९, ऑल-स्टार. ट्रेडनंतर आठव्या सीझनला. शिकागोला त्याचा काडीचा फायदा झाला नाही.

मला विचाराल तर पिचरच्या बाबतीत हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे. तो चांगला निघेल का हे एक, आणि तो चांगला निघेल तेव्हा तुमच्याकडे असेल का हे दुसरं. टीमकडे मेजर लीगची सहा वर्षं असतात, त्यातली पहिली तीन साधारण किमान पगारावर, पुढची तीन लवादाने ठरणाऱ्या पगारावर, मग खेळाडू मोकळा. शिकण्यात जी वर्षं जातात ती याच सहातून जातात.

आणि डनिंग?

२०२० मध्ये सात मॅच, ईआरए ३.९७, छान सुरुवात. त्याच डिसेंबरात त्याला टेक्सास रेंजर्सला देऊन लान्स लिन हा तयार पिचर आणला. लिनने २०२१ मध्ये २.६९ चा ईआरए दिला, साय यंगमध्ये तिसरा आला, आणि टीमने ९३ मॅच जिंकून डिव्हिजन मारली. तर डनिंगची किंमत शिकागोला अशी वसूल झाली. डनिंगला स्वतःला २०२३ मध्ये रेंजर्सकडून वर्ल्ड सिरीजची अंगठी मिळाली, ते बघून बरं वाटलं.

मग ट्रेड जिंकलं कोण?

ईटनचं आधी सांगतो. २८ एप्रिल २०१७, नव्या टीमकडून तेविसावी मॅच, पहिल्या बेसवर धावताना गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, सीझन खलास. २०१८ मध्ये ९५ मॅच. २०१९ मध्ये मात्र १५१ मॅच खेळला आणि नॅशनल्सनी इतिहासातली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली, ह्यूस्टनविरुद्ध सात मॅचमध्ये, ज्यात ईटनचे दोन होमरन, त्यातला एक सहाव्या मॅचमध्ये जस्टिन व्हर्लँडरला मारलेला, हरले असते तर सगळं तिथेच संपलं असतं अशा मॅचमध्ये.

आता वॉरची बेरीज केली तर शिकागोचं पारडं जड आहे, एकटा जिओलिटोच ईटनच्या नॅशनल्समधल्या एकूण कामगिरीच्या पुढे जातो. पण वॉशिंग्टनच्या फॅनला जाऊन सांगा की तुमचा तोटा झाला, तो अंगठी दाखवेल आणि त्याचं म्हणणं खरं आहे. झेंडा एकदा फडकला की तो कुणी उतरवू शकत नाही. माझं मत असं की दोघांनी आपापल्याला हवं ते घेतलं, आणि नुसतं मालाला माल बघायचं तर शिकागोचा व्यवहार उत्तम होता. ज्यांना एकच विजेता हवाय त्यांचं समाधान या ट्रेडमध्ये कधीच होणार नाही.

व्यवहार उत्तम, तर मग टीम एका सीझनमध्ये १२१ मॅच कशी हरली?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. २०२४, ४१ विजय १२१ पराभव, आधुनिक काळातले एका सीझनमधले सगळ्यात जास्त पराभव. लोक म्हणतात बघा, प्रॉस्पेक्टच्या नादी लागलं की असं होतं. अजिबात पटत नाही मला. प्रॉस्पेक्ट आले, चांगले निघाले, २०२० ला बारा वर्षांनी प्लेऑफ, पहिल्या मॅचला जिओलिटोने सहा इनिंग ओकलंडचा एकही बॅटर बेसवर जाऊ दिला नाही, २०२१ ला डिव्हिजन. त्या क्षणी जे करायला हवं होतं ते झालं नाही. आपल्या वाढवलेल्या पोरांभोवती मोठे तयार खेळाडू आणायला पैसे लागतात, आणि या टीमने तोवर १० कोटी डॉलरचा करार कुणाशी केलेला नव्हता. मॅनी माचाडो या स्टार बॅटरला २०१९ मध्ये ८ वर्षांचे २५ कोटी देऊ केले, सॅन दिएगोने १० वर्षांचे ३० दिले, तो तिकडे गेला. २०२१ च्या जुलैमध्ये सेकंड बेसवर खेळणारा निक मॅड्रिगल देऊन क्रेग किंब्रेल हा शेवटची इनिंग टाकणारा पिचर आणला, ज्याचं काम करायला लियाम हेंड्रिक्स आधीच टीममध्ये होता, आणि सेकंड बेसला खिंडार पडलं. मग दुखापती, मग २०२२ ला ८१-८१, २०२३ ला १०१ पराभव, आणि ऑगस्टमध्ये हान आणि त्यांचे वरिष्ठ केनी विल्यम्स दोघांना नारळ.

ट्रेड चांगला आणि टीम वाईट, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. फॅन म्हणून हे गिळायला जड जातं.

जिओलिटो आणि लोपेझ पुढे कुठे गेले?

जुलै २०२३ मध्ये दोघं एकत्रच लॉस एंजेलिस एंजल्सला गेले, बदल्यात कॅचर एडगर केरो आणि डावरा पिचर काय बुश. महिन्याभरात एंजल्सनी पगार वाचवायला दोघांना सोडलं आणि दोघांनाही क्लीव्हलँडने उचललं. तीन वेळा टीम बदलली ती दोघांनी बरोबरच.

केरो एप्रिल २०२५ मध्ये मेजरमध्ये आला. बुशची त्याच वर्षीच्या सुरुवातीला टॉमी जॉन झाली.

सीसचा ट्रेड पण वादग्रस्त आहे का?

तो तर साखळीच आहे. जुलै २०१७, होसे क्विंटाना हा पिचर गेला त्याच शहरातल्या कब्जकडे, आले मुख्यतः बॅटर एलॉय हिमेनेझ आणि पिचर डिलन सीस. तेव्हा सगळी चर्चा हिमेनेझची, सीस म्हणजे जोर आहे पण नेम नाही असा पोरगा. २०२२ मध्ये सीसचा ईआरए २.२०, साय यंगला दुसरा, आणि ३ सप्टेंबरला मिनेसोटाविरुद्ध नो-हिटरला एकच आउट कमी असताना लुईस अराएझने हिट मारली. मार्च २०२४ मध्ये तो सॅन दिएगोला गेला आणि त्याच जुलैला तिकडे नो-हिटर टाकला, तेही नॅशनल्सविरुद्ध.

बदल्यात आलेल्या चौघांत मुख्य नाव ड्रू थॉर्प. हा मुलगा २०२३ मध्ये यांकीजच्या मायनर लीगमध्ये १८२ स्ट्राइकआउट घेऊन सगळ्या मायनर्समध्ये पहिला होता, डिसेंबरात हुआन सोटोच्या ट्रेडमध्ये सॅन दिएगोला गेला, आणि तीन महिन्यांत तिथून शिकागोला. जूनमध्ये मेजरमध्ये आला, नऊ मॅच, ईआरए ५.४८, आणि २०२५ च्या सुरुवातीला तीच सर्जरी. लगेच ‘सीस फुकट घालवला’ सुरू झालं. नऊ मॅचवर? जिओलिटोला बत्तीस मॅचचं एक भयानक वर्ष दिलं होतं आपण.

पिचर एवढे बेभरवशाचे तर बॅटरच का घेत नाहीत?

घेतायत. डिसेंबर २०२४ मध्ये गॅरेट क्रोशे हा पिचर बॉस्टनला दिला तेव्हा आलेल्या चौघांत काइल टील कॅचर, ब्रेडन मॉन्टगोमेरी आउटफिल्डर, चेस मायड्रॉथ इनफिल्डर, आणि पिचर एकटा विकेलमन गोन्झालेझ. क्रोशेने २०२५ मध्ये २५५ स्ट्राइकआउट घेतले, तेव्हा बॉस्टनने काय मिळवलं हे उघड आहे, पण टील आणि मायड्रॉथ पहिल्याच वर्षी मेजरमध्ये येऊन रोज खेळायला लागले. बॅटरचं लवकर कळतं.

मात्र पिचर घ्यायचेच नाहीत हेही चुकीचं. १२ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइटने छत्तीस वर्षांचा पिचर डॉयल अलेक्झांडर घेतला, तो नऊ मॅच जिंकला आणि एकही हरला नाही, डेट्रॉइटने डिव्हिजन मारली. दिला कोण होता, तर डबल ए मधला वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ, जो अटलांटासाठी वीस वर्षं खेळून हॉल ऑफ फेममध्ये गेला. एखादा स्मोल्ट्झ हाती लागण्याच्या आशेवरच तर ही सगळी देवघेव चालते.

नुकताच ट्रेडमध्ये आलेला पिचर असेल तर पहिल्या वर्षी काय बघायचं?

मायनर लीगचा ईआरए सोडून द्या, खास करून शार्लटचा, कारण व्हाइट सॉक्सची ट्रिपल ए टीम तिथे खेळते आणि ते मैदान छोटं, साधे उडालेले बॉलही बाहेर जातात. स्ट्राइकआउट किती आणि वॉक किती ते बघा. पहिल्या इनिंगचा वेग पाचव्या इनिंगला टिकतो का ते बघा. तिसरा पिच (बॉल टाकायचा तिसरा प्रकार) आहे का ते बघा, फास्टबॉल आणि स्लायडर या दोघांवर बॅटर एकदा फसतो, त्याच मॅचमध्ये तिसऱ्यांदा समोर आला की ओळखून बसलेला असतो. शिकागोत संध्याकाळी ६:४० ची मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे ५:१० ला सुरू होते, ऑफिसच्या आधी चार-पाच इनिंग आरामात बघून होतात आणि स्टार्टर पिचर बघायला तेवढ्या पुरतात. आणि सर्जरीनंतर परत आलेला असेल तर स्पीडच्या आकड्यावर हुरळून जाऊ नका किंवा वॉकवर चिडू नका, वेग आधी परत येतो, नेम यायला त्याहून बरेच महिने जास्त लागतात.